परदेशातून परतलेल्याचा केसपेपर

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



कोल्हापुरात जुनी माणसं सीपीआरला अजूनही 'थोरला दवाखाना' म्हणतात. एके काळी त्याचं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं, पुढे ते छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय झालं आणि आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं आहे. नावं बदलली, तरी लोकांच्या तोंडी दवाखाना थोरलाच राहिला. मी स्वतः एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका म्हणून नोकरी केली. वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या वॉर्डांत. या एकतीस वर्षांत केसपेपरच्या खिडकीवर मी तीनच प्रश्न ऐकले: नाव काय, वय किती, गाव कुठलं? तुमच्याकडं पासपोर्ट कुठला आहे किंवा गेली वीस वर्षं तुम्ही कुठं होता, असं कुणी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. त्यामुळे माझी पक्की समजूत होती, की आपला माणूस जगात कुठंही जाऊन आला तरी सरकारी दवाखाना त्याचाच आहे.

ही समजूत चुकीची नाही. पण ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यानं आमच्या घराला चांगलाच फटका दिला.

माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये टर्नर होता. १९९४ साली मुंबईच्या एका एजंटामार्फत तो कुवेतला गेला. इराकबरोबरच्या युद्धातून तो देश नुकता सावरत होता आणि कारागिरांना मागणी होती. 'दोन वर्षं काढतो आणि येतो,' म्हणून गेलेला माणूस तीस वर्षं तिकडेच राहिला. वर्षाआड महिनाभर सुटी, येताना खजूर, टँगची पावडर आणि पोरांना बूट. त्याच्या पैशांवर आमचं घर वर चढलं, आई शेवटपर्यंत औषधपाण्यात राहिली, दोन्ही पुतणे इंजिनिअर झाले. माझं लग्न झालं नाही, त्यामुळे घर एकत्रच. वहिनी, आई, पोरं आणि मी.

१९९९ साली राज्यात तीन रंगांची रेशनकार्डं आली, हे अनेकांना आठवत असेल. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यावर पांढरं. तो फॉर्म आमच्या घरी मी भरला. कुटुंबातल्या माणसांच्या रकान्यात दादाचं नाव घालायचं की नाही, यावर आई आणि माझ्यात चांगलं अर्धा तास चाललं होतं. आईचं म्हणणं, 'घर त्याच्या जिवावर चाललंय आणि त्याचंच नाव नाही?' मी म्हणाले, 'आई, जो माणूस इथं जेवत नाही त्याच्या नावावर साखर उचलायची का?' सरकारी नोकरीत होते, प्रामाणिकपणाची थोडी घमेंडही होती. मी दादाचं नाव लिहिलं नाही, उत्पन्न मात्र खरं लिहिलं. पांढरं कार्ड आलं. ते कपाटात गेलं आणि तिथंच राहिलं, कारण पांढऱ्या कार्डावर तसंही काही मिळत नव्हतं.

ही गोष्ट मी पंचवीस वर्षं विसरून गेले होते.

दरम्यानच्या काळात आपल्याकडच्या सरकारी आरोग्यसेवेची तऱ्हा बदलली. पूर्वी सरकारी उपचार म्हणजे सरकारी दवाखाना, एवढंच होतं. २ जुलै २०१२ ला राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात ती सगळ्या महाराष्ट्राला लागू झाली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिबा फुले यांचं नाव मिळालं. आता सरकार खासगी रुग्णालयातही ऑपरेशनचा खर्च भरू लागलं. पण कुणाचा? तर ज्याच्याकडं पिवळं किंवा केशरी कार्ड आहे त्याचा. म्हणजे रॉकेल-साखरेसाठी केलेला कागद आता हृदयाच्या ऑपरेशनचा कागद झाला. १९९९ साली फॉर्म भरताना हे कुणाच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

पुढे केंद्राची आयुष्मान भारत योजना तिला जोडली गेली. २८ जून २०२३ च्या मंत्रिमंडळ बैठकीत असं ठरलं, की पांढऱ्या कार्डवाल्यांनाही घ्यायचं, रेशनकार्डच नसेल तर अधिवास प्रमाणपत्र चालवायचं आणि दीड लाखाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख करायची. प्रत्यक्षात हे १ जुलै २०२४ पासून सुरू झालं.

२०२४ च्याच जूनमध्ये, १२ तारखेला, कुवेतमधल्या मंगफ इथं कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय कामगार गेले. दादा त्या भागात राहत नव्हता. पण दोन्ही पुतण्यांनी फोनवर एकच धोशा लावला, 'बाबा, आता बास.' जुलैच्या अखेरीस दादा कायमचा घरी आला. वय सहासष्ट. तिथलं निवासाचं परवानापत्र, ज्याला आखाती माणसं इकामा म्हणतात, ते संपलं की तिथला आरोग्य विमाही संपतो. तिथलं पेन्शन परक्या कामगाराला नाही. सेवा संपतानाची रक्कम तेवढी हातात पडते.

सप्टेंबरात रंकाळ्यावर फिरताना त्याला छातीत जड वाटलं. अँजिओग्राफी झाली, तीन ठिकाणी अडथळे निघाले. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि पंधरा दिवसांत करून घ्या म्हणाले. रुग्णालय योजनेत अंगीकृत होतं. अशा प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस टेबल घेऊन बसलेला असतो. तिथला मुलगा फार चांगला होता. त्यानं आमचं पांढरं कार्ड पाहिलं, आधारकार्ड पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं आणि मला विचारलं, 'मावशी, पेशंटचं नाव कार्डावर कुठं आहे?'

आता मी काय सांगणार?

तिथून आमची वारी सुरू झाली. कार्डात नाव वाढवण्यासाठी एका कार्यालयात गेलो. तिथले कारकून म्हणाले, 'आधीच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणा.' मी सांगितलं, हा तीस वर्षं कुवेतला होता. ते म्हणाले, 'मग तिथला आणा.' दादाला हसू आवरेना. कुवेतात रेशन आहे बरं का, पण ते कुवेती नागरिकांना. याला कोण देणार आणि कोण कमी करणार? त्या कारकुनांना मी दोष देत नाही. त्यांच्या यादीत बदलीवर आलेला, लग्न होऊन आलेली, नव्यानं जन्मलेला, एवढेच प्रकार होते. तीस वर्षांनी घरी आलेला, असा प्रकारच त्यात नव्हता.

मग अधिवासाच्या दाखल्याची वाट धरली. या दाखल्याचं पूर्ण नाव आहे 'वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र'. एकाच कागदात तीन प्रश्न. वय सोपं. दादाचा पासपोर्ट भारतीय, तेव्हा राष्ट्रीयत्वही सोपं. अधिवास अडला. इथं सलग राहिल्याचा पुरावा म्हणून लाइटबिल मागतात, घरफाळ्याची पावती मागतात. लाइटबिल अजून आमच्या वडिलांच्या नावावर, घरफाळा वहिनीच्या. शाळा सोडल्याचा दाखला इथला, जन्म इथला, लग्न इथलं, पासपोर्टवर पत्ता इथला आणि मधली तीस वर्षं कोरी.

या धावपळीत पंधरा दिवसांचे अठरा झाले. माझी बचत होती, त्याची रक्कम बँकेत होती. मी म्हणत होते, 'दादा, पैसे भरू आणि मोकळं होऊ.' पण तो ऐकेना. त्याचं एक वाक्य माझ्या कानात बसलं आहे. 'तीस वर्षं मी पाठवत होतो. एकदा तरी इकडून काहीतरी येऊ दे की.' त्याला पैशांची हाव नव्हती. त्याला आपण इथले आहोत हे कागदावर बघायचं होतं.

एकोणिसाव्या रात्री त्याला झटका आला. जवळचं जे रुग्णालय मिळालं तिथं नेलं, आणि ते योजनेत नव्हतं. ऑपरेशन झालं, जीव वाचला. बिल त्याच्याच रकमेतून गेलं. इथं एक गोष्ट श्रोत्यांना सांगून ठेवते. या योजनेत पैसे नंतर परत मिळत नाहीत. उपचार बिनपैशाचा होतो तो अंगीकृत रुग्णालयात, आधी मंजुरी घेऊन. तातडीच्या वेळी फोनवरून तात्पुरती मंजुरी घेऊन काम सुरू करता येतं, कागद मागाहून देता येतात. पण आधी पैसे भरले आणि मग पावत्या घेऊन गेलात, तर काही उपयोग नाही. परिचारिका असून मला हे बिल भरल्यावर कळलं. एकतीस वर्षं वॉर्डात गेली, टेबलाच्या त्या बाजूला कधी बसलेच नव्हते.

दादा घरी आल्यावर मी या विषयाच्या मागेच लागले. म्हणजे असं, की आमच्या गल्लीत, नात्यागोत्यात जो कुणी बाहेरून येईल त्याला मी गाठू लागले. लोक मला टाळायला लागले म्हणा ना!

एक मावसबहीण लेस्टरहून आली. चाळीस वर्षं तिकडं, ब्रिटिश पासपोर्ट आणि हातात आपल्याकडचं ओसीआय कार्ड. २००५ साली कायदा बदलून हे कार्ड आलं. त्याच्या इंग्रजी नावात 'सिटिझन' हा शब्द आहे आणि सगळा घोळ त्या शब्दानं घातला आहे. ते नागरिकत्व नव्हे. त्यावर येता येतं, राहता येतं, बँकेत खातं काढता येतं. पण मत देता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही आणि 'राष्ट्रीयत्व' लिहिलेला दाखलाही मिळत नाही. माझी बहीण म्हणाली, 'अगं, पण मी मंगळवार पेठेतली!' तिचं खरं होतं. पण दाखल्याला पेठ चालत नाही.

तिला वाटत होतं, काही झालंच तर विमानात बसेन आणि तिकडच्या सरकारी दवाखान्यात जाईन, चाळीस वर्षांचा कर भरलाय. तेही तसं नाही. इंग्लंडची आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली आणि तिचा नियम पासपोर्टावरही नाही, भरलेल्या करावरही नाही. तुम्ही तिथं स्थायिक म्हणून राहता का, एवढाच प्रश्न. कोल्हापुरात घर करून राहिलेली ब्रिटिश बाई महिनाभरासाठी तिकडं गेली तर ती पाहुणी. अपघात विभाग आणि साधा डॉक्टर फुकट, पण रुग्णालयात ऑपरेशन करायचं तर ठरल्या दराच्या दीडपट बिल. मात्र तीच बाई सामानसुमान घेऊन कायमची परत गेली, तर पहिल्या दिवसापासून तिचा हक्क सुरू. अमेरिकेहून येणाऱ्यांचं तर आणखी सरळ आहे. तिथलं मेडिकेअर समुद्र ओलांडत नाही. हप्ते बंद करून इकडं आलात आणि पुढं परत गेलात, तर उशिराबद्दल दंड लागून हप्ता कायमचा वाढतो.

मला इंग्लंडचा नियम आवडला, हे मी लपवत नाही. तो परक्याशी कठोर आहे, पण घरी आलेल्याला तो विचारतो, की आता राहणार ना इथंच? आपल्याकडं आपण विचारतो, की इतके दिवस कुठं होतात?

आणि गंमत बघा. आपल्या शेजारच्या सीमाभागातली ८६५ गावं कर्नाटकात आहेत, तरी तिथल्या मराठी माणसांना फुले योजनेचा लाभ द्यायचं महाराष्ट्रानं २०२३ साली ठरवलं. कर्नाटक सरकारनं त्यावर आक्षेपही घेतला. मला तो निर्णय योग्य वाटतो. निपाणीच्या माणसाला उपचारासाठी कोल्हापूरच जवळचं, हे मी वॉर्डात वर्षानुवर्षं पाहिलं आहे. पण मग मनात येतं, की जो महाराष्ट्रात राहतच नाही त्याच्यासाठी सरकारला वाट काढता आली, तर जो इथलाच होता आणि परत आला, त्याच्यासाठी का नाही? तसंच रस्त्यावरच्या अपघाताचं. केंद्रानं मे २०२५ मध्ये योजना काढली. देशात कुठल्याही रस्त्यावर वाहनाच्या अपघातात जखमी झालेल्या कुणालाही सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार बिनपैशाचा. तिथं रेशनकार्ड लागत नाही. दादाला पुणे-बंगळूर रस्त्यावर ट्रकनं उडवलं असतं तर त्याचा कागद अडला नसता. तो हे वाक्य हल्ली पाहुण्यांना हसत हसत सांगतो. वहिनीला ते आवडत नाही.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो फेटाळण्यासारखा नाही. परदेशात कमावलं, इथं त्यावर कर भरला नाही, मग इथल्या गरिबाच्या योजनेत वाटा कशाला? डॉलरवाल्या माणसाबद्दल हे कुणी म्हटलं तर मी गप्प बसेन. पण आखातात गेलेला टर्नर, वेल्डर, ड्रायव्हर, घरकामाला गेलेली बाई, यांना तो लावू नका. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा, २०.५ टक्के, आणि केरळचा त्याखाली १९.७ टक्के. यातला बराचसा मुंबई-पुण्याचा असणार, हे उघड आहे. पण केरळनं १९९६ सालीच परदेशी गेलेल्यांसाठी वेगळा विभाग काढला. परतलेल्यांना औषधपाण्याची मदत, कल्याण मंडळ, आणि २०२५ मध्ये 'नोर्का केअर' नावाचा पाच लाखांचा आरोग्य विमा. पैसा आपल्याकडं जास्त येतो आणि आपल्याकडं परतलेल्याची साधी नोंद घेणारं टेबल नाही.

केंद्राची कामगारांसाठी प्रवासी भारतीय बीमा योजना २००३ पासून आहे, दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये हप्ता, अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वाला दहा लाख. ती चांगली आहे, पण तो नोकरीच्या मुदतीतला विमा आहे. घरी येऊन बसलेल्या माणसाच्या हृदयाला तो पुरत नाही.

मग करायचं काय? मी माझ्यापुरतं सांगते. ज्याचा पासपोर्ट भारतीय आहे त्यानं विमानतळावरून घरी आल्यावर खजूर वाटायच्या आधी आधारकार्ड बघावं. २०१९ पासून भारतीय पासपोर्टवाल्याला आधारसाठी सहा महिने थांबावं लागत नाही. परदेशी पासपोर्ट असेल तर मात्र आधीच्या वर्षभरात १८२ दिवस इथं राहणं लागतं. मग रेशनकार्डात नाव, आणि ते कार्ड ऑनलाइन होऊन बारा अंकी क्रमांक पडला आहे का, हे पाहावं. पांढरी कार्डं पुष्कळ घरांत कपाटातच राहिली आणि त्यांची ही नोंद झालीच नाही. आमचीही नव्हती. सत्तरी पूर्ण झालेल्याला रेशनकार्डाची कटकट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राचं 'वय वंदना' कार्ड आधारवर मिळतं, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाख. दादा चार वर्षांनी लहान पडला. अडलं तर १५५३८८ हा फुले योजनेचा नंबर आहे. आणि परदेशात असतानाच, तब्येत धड असताना इथला विमा घेऊन ठेवावा, कारण जुन्या दुखण्यासाठी विमा कंपन्या तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. ओसीआयवाल्यांना तर मी दुसरा रस्ताच सांगत नाही.

आणि यातलं काहीही नसेल, तर? तर थोरला दवाखाना आहेच. १९९६ साली पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. रेल्वेतून पडलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत पाठवलं होतं. न्यायालय म्हणालं, तातडीचा उपचार नाकारणं म्हणजे घटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा हक्क नाकारणं. त्या कलमात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. माझ्या लेस्टरच्या बहिणीला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'म्हणजे मरायला टेकले की मी इथली!' तिच्या बोलण्याला उत्तर सुचलं नाही.

लोक मला विचारतात, १९९९ साली नाव घातलं असतं तर? मी त्यावर पुष्कळ रात्री विचार केला आहे. नाव ठेवणं खोटं झालं असतं. शिवाय आता रेशनकार्डाला अंगठा लावून ई-केवायसी करावी लागते. जो इथं नाही त्याचं नाव तसंही अडकलं असतं. मी केलं ते बरोबर होतं, असंच मला वाटतं. पण आई जे म्हणत होती तेही बरोबर होतं, आणि ते तिला सांगायला आता ती नाही.

डिसेंबरात कार्ड मिळालं. लाइटबिल वडिलांच्या नावावरून दादाच्या नावावर करून घेतलं, प्रतिज्ञापत्र केलं, कारकूनही नवे आले होते. कुटुंबप्रमुख म्हणून वहिनीचं नाव. मग थोरला पुतण्या, धाकटा पुतण्या, मी. दादा चष्मा लावून कार्डाचा कागद खिडकीपाशी घेऊन गेला. पाचव्या ओळीत त्याचं नाव, वय सहासष्ट. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'पती'. वहिनीला हाक मारून त्यानं ते दोनदा वाचून दाखवलं.